अंगावर उठलं, पण कितव्या दिवशी?

रत्नागिरीत एप्रिल-मे महिन्यांत अंगावर काहीही उठलं की घरच्या घरी दोनच निदानं होतात: आंबा बाधला, नाहीतर पित्त उठलं. पहिल्यासाठी आंबे पाण्यात टाकायचे, दुसऱ्यासाठी आमसुलं भिजवून ते पाणी अंगाला चोळायचं. पैकी आंबे पाण्यात टाकण्याचा उपाय खरा, फक्त कारण वेगळं. तोंडाभोवती खाज सुटून फोड येतात ते आंब्याच्या उष्णतेने नव्हे, देठापाशी सालीवर राहिलेल्या चिकाने. तो पाण्याने धुतला जातो. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. तिघांचाही चीक त्वचेला भोवतो. या चिकाची अॅलर्जी बहुधा एक-दोन दिवसांनी दिसते. आपण मात्र दोष देतो तो आज सकाळी खाल्लेल्या फळाला.

पुरळाच्या बाबतीत बहुतेक गोंधळ इथेच होतो. ते कसं दिसतं हे सगळं घर निरखून बघतं, पण दिवस कोणी मोजत नाही.

पित्ताच्या गांधींचं बघा. एक गांध उठते, काही तासांत मावळते, दुसरीकडे नवी येते. एका जागची चोवीस तासांहून जास्त सहसा टिकत नाही. पोटातल्या आम्लाशी तिचा संबंध नाही, त्यामुळे अॅसिडिटीची गोळी तिच्यासाठी घेण्यात अर्थ नाही. लहान मुलांत बऱ्याचदा साध्या विषाणूच्या तापामागोमाग गांधी उठतात. आमसुलाचं पाणी खुशाल लावा, गार वाटतं. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला, तर मात्र आमसुलं भिजवत बसू नये.

गोवराची गोष्ट अधिक गंभीर. ‘गोवर बाहेर पडू दे, औषध दिलंस तर आत जाईल,’ हे वाक्य अजून ऐकू येतं. आत जाण्यासारखं त्यात काही नसतं. तीन-चार दिवस ताप, खोकला, नाक गळणं, लाल डोळे. मग कानामागून आणि केसांच्या कडेने पुरळ सुरू होऊन तोंडावर, छातीवर, पायांपर्यंत उतरतं. शरीर विषाणूशी लढतंय, त्याची ती खूण. जीव जातो तो न्यूमोनियाने, जुलाबांनी, क्वचित मेंदूला सूज येऊन. म्हणूनच गोवराच्या मुलाला लागोपाठ दोन दिवस ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देतात. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही. पाणी आणि जेवण तोडायला आहे. देवीचा रोग भारतातून १९७५ मध्ये गेला, त्याची पथ्यं मात्र गोवर-कांजण्यांच्या वाट्याला राहिली. आणखी एक: पुस्तकांतल्या चित्रांत गोऱ्या अंगावर लालभडक दिसणारा गोवर आपल्या सावळ्या कातडीवर तांबूस-काळपट दिसतो. मुलाला खिडकीपाशी उजेडात न्यावं आणि गालावरून हात फिरवावा. कित्येकदा डोळ्यांआधी बोटांना खरखर कळते.

पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून हे मूल गोवर पसरवत असतं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची मोठी साथ आली. मुंबईतून तुतारी एक्स्प्रेसने कोकणात आजोळी निघालेल्या, नुसती सर्दी झालेल्या पोराकडे कोण संशयाने बघणार?

‘लस दिली म्हणून तर गोवर आला!’ इथेही तारीखच उपयोगी. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. तिच्यात दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. साधारण सात ते बारा दिवसांनी काही मुलांना हलका ताप आणि थोडं पुरळ येतं. ते दुसऱ्याला लागत नाही. लशीच्या दुसऱ्याच दिवशी उठलेलं पुरळ बहुधा भलत्याच कारणाचं. लशीची खरी तीव्र अॅलर्जी मिनिटांत दिसते, म्हणून केंद्रावर अर्धा तास बसवून ठेवतात. आणि जन्मल्यावर दंडावर दिलेली बीसीजी काही आठवड्यांनी पिकल्यासारखी दिसते, खपली धरते, वण ठेवते. तसंच व्हायचं असतं. त्यावर हळद, पोटीस काही नको.

नागिणीबद्दल थोडक्यात. तिचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो म्हणे. लहानपणीच्या कांजण्यांचाच विषाणू मज्जातंतूत दडून बसतो आणि पुढे कधीतरी एका बाजूच्या तंतूवरून बाहेर येतो. म्हणून पट्टा बहुतेक वेळा मध्यरेषेशीच थांबतो. विषाणूविरोधी गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर उत्तम. नेमके तेच तीन दिवस गेरूचे लेप आणि उतारे यांत जातात, याची चीड येते.

औषधाच्या पुरळात तर हमखास चुकीच्या गोळीला धरतात. नेहमीचं पुरळ औषध सुरू केल्यावर चार ते चौदा दिवसांनी येतं, कधी कोर्स संपल्यावरही. उलट, मुळात विषाणूनेच आलेल्या पुरळाचं खापर प्रतिजैविकावर फोडून पोराच्या फायलीवर जन्मभराची ‘अॅलर्जी’ लिहिली जाते. एक प्रकार मात्र ओळखायला सोपा: ओठावर किंवा अंगावर एकच गोल, जांभळट डाग, जो काळा वण ठेवून जातो आणि तीच गोळी पुन्हा घेतली की नेमका त्याच जागी फुलतो. दुखण्यावरच्या, जुलाबाच्या गोळ्यांनी असं होतं. लेप्टोस्पायरोसिससाठी दिलेली डॉक्सिसायक्लिन घेऊन उन्हात राबलं तर उघड्या अंगावर भाजल्यासारखं होऊ शकतं. अंग झाकावं, गोळी परस्पर सोडू नये.

फिटच्या किंवा सल्फाच्या गोळ्या सुरू होऊन पहिल्या दोन महिन्यांत कातडी दुखू लागली, फोड आले, तोंड-डोळे सोलवटले, तर गोळ्यांच्या पाकिटासकट त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. औषधाचा असा त्रास १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही कळवता येतो.