भाड्याच्या संगणकांचा वार्षिक दरबार

थँक्सगिव्हिंगचा सण आटोपून अमेरिकेतील मंडळी पुन्हा कामाला लागतात न लागतात तोच, नेव्हाडाच्या वाळवंटात वसलेल्या लास व्हेगास या द्यूतनगरीत दरवर्षी एक निराळाच समुदाय उतरू लागतो. पत्ते आणि फासे यांच्याशी ज्यांना कर्तव्य नाही, अशी ही संगणकक्षेत्रातील माणसे गळ्यात ओळखपत्रे अडकवून, पाठीला पिशव्या लावून, जुगाराच्या मेजांमधून वाट काढीत सभागृहांकडे जातात. कारण या शहरातील हॉटेलांची रचनाच अशी आहे, की सभागृह कोणतेही असो, त्याचा रस्ता सहसा जुगारखान्यातून जातो. त्यांना येथे खेचून आणणारी परिषद म्हणजे ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस या कंपनीची 'री:इन्व्हेंट'.

कंपनीचा मूळ व्यवसाय भाडेपट्ट्याचा आहे. २००६ च्या मार्चमध्ये तिने माहिती साठविण्याची 'एस-थ्री' ही सेवा सुरू केली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'ईसी-टू' या नावाने तासाच्या दराने संगणक भाड्याने देण्यास प्रारंभ केला. यंत्रे खरेदी करावयाची, ती ठेवावयास वातानुकूलित खोली बांधावयाची आणि वर्षानुवर्षे त्यांचा घसारा सोसावयाचा, या साऱ्या दगदगीतून भाडेकरूची सुटका झाली. यंत्र कोठे आहे हे त्याने पाहण्याचेही कारण उरले नाही. या व्यवहाराला 'क्लाउड', म्हणजे मेघ, असे नाव पडले. व्यवहाराचा व्याप पुरेसा वाढल्यावर, २०१२ च्या नोव्हेंबरात, व्हेनेशियन या हॉटेलात कंपनीने आपल्या भाडेकरूंची पहिली परिषद भरविली, तेव्हा सुमारे ६,००० माणसे आली. २०१९ पर्यंत हा आकडा ६५,००० च्या पुढे गेला, आणि एका हॉटेलात न मावणारा हा सरंजाम रस्त्यालगतच्या अनेक हॉटेलांत विखुरला. स्थळाचे महत्त्व नाहीसे केल्याचा ज्या व्यवसायाचा दावा, त्याच्याच परिषदेत माणसाला एका व्याख्यानाहून दुसऱ्याकडे जाण्यासाठी बसची वाट पाहावी लागते, ही गंमत तेथे जाणाऱ्यांच्या पायांना चांगली ठाऊक असते.

परिषदेचे दर्शनी अंग म्हणजे जाहीरनाम्यांचा दरबार. व्यासपीठावरून कंपनीचे प्रमुख (आरंभीची अनेक वर्षे अँडी जॅसी, पुढे ॲडम सेलिप्स्की आणि आता मॅट गार्मन) नव्या सेवांची घोषणा करतात आणि सभागृह टाळ्या वाजविते. पहिल्याच वर्षी 'रेडशिफ्ट' ही प्रचंड माहितीची छाननी करणारी सेवा, वर्षाला टेराबाइटमागे हजार डॉलरांहूनही कमी दरात मिळू शकेल अशा बोलीवर, पुढे आली. २०१४ साली 'लॅम्डा' आली, आणि माझ्या मते या दरबारातील सर्वांत दूरगामी घोषणा तीच. तोपर्यंतचा भाड्याचा संगणक म्हणजे बारमाही पगारावर ठेवलेला गडी होता, काम असो वा नसो त्याचे वेतन चुकत नसे. लॅम्डाने नेमके झालेल्या कामाचेच दाम मोजण्याची रीत घातली. हा हिशेब प्रथम सेकंदाच्या दहाव्या हिश्शापर्यंत होत असे. २०२० च्या परिषदेत तो सहस्रांश सेकंदापर्यंत सूक्ष्म केला गेला. ते वर्ष महामारीचे असल्याने परिषद लास व्हेगासला न भरता पडद्यावरच, आणि तीही विनामूल्य, पार पडली.

२०१६ साली मात्र जॅसींनी व्यासपीठावर चक्क मालमोटार आणविली. तिच्यावर पंचेचाळीस फूट लांबीची पेटी होती, 'स्नोमोबाइल' असे तिचे नाव होते आणि तीत शंभर पेटाबाइट माहिती मावत असे. त्यामागचे गणित सरळ होते: दहा गिगाबिटांच्या वाहिनीतून एक एक्झाबाइट माहिती पाठवावयाची तर सव्वीस वर्षे लागतील; तेव्हा ती रस्त्याने नेलेली बरी! काही वर्षांनी ही मोटार सेवेतून निवृत्त झाली, पण मेघालाही वजन असते एवढे तिने त्या दिवशी हजारो माणसांसमक्ष सिद्ध केले.

घोषणांचे हे अंग वृत्तपत्रांना पुरते. परिषदेचे मोल मात्र यंत्रे का मोडतात हे जेथे सांगितले जाते तेथे आहे, असे मला वाटते. पहिल्या परिषदेत चित्रपट घरोघर पोहोचविणाऱ्या नेटफ्लिक्सचे रीड हेस्टिंग्ज हे मान्यवर भाडेकरू म्हणून व्यासपीठावर आले होते. महिना उलटण्यापूर्वीच, नाताळच्या आदल्या दिवशी, भार वाटून देणाऱ्या यंत्रणेची नोंदवही देखभालीच्या कामात चुकून पुसली गेली आणि ऐन सणाच्या संध्याकाळी असंख्य घरांतील चित्रपट बंद पडले. २०२१ ची परिषद ३ डिसेंबरला संपली आणि ७ तारखेला उत्तर व्हर्जिनियातील कंपनीच्या संगणक-केंद्रांचे अंतर्गत जाळे तुंबून आंतरजालाचा बराच भाग कित्येक तास लंगडत राहिला. ॲमेझॉनचे मुख्य तंत्रज्ञ वर्नर व्होगेल्स, कोणतीही वस्तू केव्हाही मोडणारच असे गृहीत धरूनच बांधणी करावी, हे सूत्र वर्षानुवर्षे सांगत आले ते उगाच नव्हे. २०२५ साली त्यांनी या परिषदेतील आपले अखेरचे प्रमुख भाषण केले.

या परंपरेतले माझ्या पसंतीचे व्याख्यान २०१६ मधील, कंपनीचे अभियंते जेम्स हॅमिल्टन यांचे. बाहेरची वीज गेली असता जनित्रे धडधाकट असूनही केंद्र अंधारात का जाते, याचा उलगडा त्यांनी केला. वीज जोडणाऱ्या स्विचगिअरला दोष आपल्याच इमारतीत असल्याचा संशय आला, तर जनित्राला इजा पोहोचू नये म्हणून ते त्याला जोडूनच देत नाही. म्हणजे एक जनित्र वाचविण्यासाठी सारे केंद्र बळी पडते. कंपनीने या उपकरणाची आज्ञावलीच बदलून घेतली. कोणतीही नवी सेवा न विकणारा हा तासाभराचा तपशील ऐकताना श्रोत्याला विजेचे, धातूचे आणि मानवी सावधगिरीचे जे दर्शन घडते, ते घोषणांच्या चार प्रहरांत घडत नाही.

भारताशी या मेळ्याचा संबंध दोन वाटांनी येतो. पहिली वाट केंद्रांची. २०१६ च्या जूनमध्ये कंपनीने मुंबईत आपली केंद्रे उघडली. २०१८ साली देयव्यवहारांची माहिती देशातच ठेवावी असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम निघाल्यावर अशा स्थानिक केंद्रांची किंमत वाढली. दुसरी वाट घड्याळाची. लास व्हेगासला सकाळी आठला सुरू होणारे भाषण पुण्यात रात्री साडेनऊला ऐकू येते. तेव्हा हिंजवडी-खराडीकडची मंडळी जेवणे उरकून ते पडद्यावर पाहात बसतात, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात आपल्या ग्राहकाच्या बिलावर रात्री ऐकलेल्या नव्या सेवेचा काय परिणाम होईल याची चर्चा चालते.

मोठी व्याख्याने अशी फुकट पाहावयास मिळत असता २,०९९ डॉलरांचे (२०२५ चा दर) प्रवेशपत्र काढून, वर प्रवास आणि मुक्कामाचा खर्च सोसून कोणी तिकडे का जावे, हा प्रश्न कचेरीतील हिशेबनीस दरवर्षी विचारतो. त्याचे उत्तर 'चॉक टॉक' या लहान बैठकांत आहे. तेथे तयार भाषण थोडकेच असते. सेवा बांधणारा अभियंता फळ्यापाशी उभा राहतो आणि समोरची मंडळी आपापल्या मोडतोडीची प्रकरणे त्याच्यापुढे मांडतात. या बैठकांचे ध्वनिचित्रमुद्रण होत नाही, जागा मोजक्या असतात. म्हणून नोंदणी खुली झाली, की जाणकार मंडळी प्रमुखांच्या भाषणाची चिंता न करता प्रथम यांच्याच जागा अडवितात.