कातळ परवडला, पण माती नको

हमरापूरच्या गणपती कारखान्यात शाडू मळणाऱ्याला मातीचा स्वभाव वेगळा सांगावा लागत नाही. पाणी बेताचं असलं की ती घडवू तशी उभी राहते, जास्त झालं की मूर्ती बसकण मारते. जिते आणि पेण यांच्या मधल्या या हमरापूर स्टेशनावरून निघालेली गाडी रोह्याला पोचली की कोकण रेल्वे सुरू होते. मातीचा हाच स्वभाव त्या रेल्वेच्या अभियंत्यांना डोंगराच्या पोटात भेटला आणि त्यांना घाम फुटला.

१९९० साली ई. श्रीधरन यांच्या अध्यक्षतेखाली कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गात नव्वदहून अधिक बोगदे, लांबी एकूण ८४ किलोमीटर. रत्नागिरीजवळचा एकटा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा. काळ्या कातळासाठी स्वीडनहून नऊ हायड्रॉलिक ड्रिलिंग यंत्रं आणली गेली. भोकं पाडायची, सुरुंग उडवायचा, राडारोडा उपसायचा. कातळ कठीण खरा, पण इमानी. फोडलेली पोकळी बराच काळ स्वतःच पेलून धरतो.

खरी परीक्षा घेतली ती मऊ मातीतल्या नऊ बोगद्यांनी. चिकणमाती पाण्याने तुडुंब भिजलेली, भूजलाची पातळी वर. यंत्रांचा उपयोग नव्हता, हातानेच खणावं लागे. खणलेला भाग अनेकदा लगेच ढासळे आणि काम पुन्हा पहिल्यापासून. या नऊ बोगद्यांनी चार वर्षं खाल्ली आणि १९ जणांचा बळी घेतला. अख्ख्या मार्गावर ७४ जण दगावले. गोव्यातला पेडण्याचा बोगदा अवघा दीड किलोमीटरचा, पण त्याला सहा वर्षं लागली. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला.

अशा जमिनीत सगळा हिशेब वेळेचा असतो. आधाराशिवाय छत किती वेळ टिकेल, यावर एका दमात किती खणायचं ते ठरतं. कातळात काही मीटर पुढे जाता येतं, इथे मीटरभरसुद्धा जास्त होतं. म्हणून छतावर पुढच्या मातीत आधीच लोखंडी नळ्या ठोकतात, वरचा अर्धा भाग आधी खणतात, लगेच सिमेंट काँक्रीटचा फवारा मारून पोलादी कमान बसवतात आणि मग खालच्या भागाला हात घालतात. तळालाही उलटी कमान देऊन गोल पूर्ण करतात, नाहीतर भिंती पायाकडून आत सरकतात. भिंतींत खिळे रोवून समोरासमोरचं अंतर रोज मोजतात. ते कमी होण्याचा वेग दिवसागणिक मंदावला तर ठीक. वाढला तर पुढचं खणणं थांबवून आधार वाढवायचा.

खोल डोंगरात वेगळंच संकट येतं. तिथे पाणी नसलं तरी वरच्या डोंगराचा भार कमजोर, चुरडलेल्या खडकाला पेलत नाही आणि तो आठवडेच्या आठवडे हळूहळू आत दाबला जातो. कार्ल तेर्झागी यांनी १९४६ सालीच बोगद्यांच्या खडकांची वर्गवारी करताना हा प्रकार वेगळा नोंदवला. तिथे ताठ आधार मोडतो. म्हणून २०१६ साली खुल्या झालेल्या स्वित्झर्लंडच्या ५७ किलोमीटरच्या गॉटहार्ड बोगद्यात सेद्रुनजवळ पोकळी मुद्दाम मोठी खणली आणि दाब आला की सांध्यांत सरकतील अशा पोलादी कमानी बसवल्या. डोंगराला थोडं आत येऊ द्यायचं आणि मग त्याला अडवायचं. चिनाब पुलाच्या कामासाठी पुढे हिमालयात गेलेल्या कोकण रेल्वे महामंडळाला तिथेही असाच लहरी डोंगर भेटला. कटरा-रियासी टप्प्यातला त्रिकुटा डोंगराखालचा अवघा सव्वातीन किलोमीटरचा बोगदा पाण्याने आणि चुरडलेल्या खडकाने वर्षानुवर्षं रेंगाळला आणि २०२३ च्या डिसेंबरात आरपार झाला.

बोगदा आरपार झाला म्हणजे मातीशी हिशेब मिटला, असं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पेडणे बोगद्याच्या भिंतीचा काही भाग कोसळला आणि गाड्या पुणे-मिरजमार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी आणि चिखल शिरून वाहतूक पुन्हा ठप्प झाली. पाण्याचा निचरा आणि अस्तराची पावसाळ्याआधीची तपासणी हा अशा बोगद्याच्या बांधकामाचाच भाग आहे; त्यावरचा खर्च कधीच वायफळ नसतो. पुढच्या पावसाळ्यात कोकणातली गाडी हळू धावली, तर वैतागण्याआधी वाचकांनी एवढं लक्षात घ्यावं.