करडाचा मेंदू आणि आईचा चीक

शहरातील श्रोत्यांपुढे शेळीच्या करडाच्या दुखण्याचा विषय मांडावयाचा, तर प्रथम थोडी क्षमाच मागितली पाहिजे. ज्यांच्या घरी दूध पिशवीतून येते त्यांना करडाचे काय होय, असे कोणी विचारले तर त्यात वावगे नाही. परंतु या दुखण्याचा उलगडा होताना जे हाती लागले, ते माणसालाही विचार करावयास लावणारे आहे. म्हणून आम्ही हा विषय निवडला.

प्रथम रोगाचे चित्र पाहू. करडू दोन ते चार महिन्यांचे असते; जन्मले तेव्हा धडधाकट होते. एके दिवशी ते कळपाच्या मागे राहू लागते. मागचा एक पाय नीट पडत नाही, खूर जमिनीवर घासतो. मालकाला वाटते, उडी मारताना लचक भरली असेल. थोड्या दिवसांत दुसराही पाय लुळा पडतो, मग पुढचे पाय आणि अखेर करडू आडवे होते. काहींची मान कलते, काहींची दृष्टी जाते. चमत्कारिक गोष्ट ही की, बहुतेक वेळा त्याला भूक असते, डोळ्यांत हुशारी असते. तोंडाशी पाला धरला तर ते पडल्या पडल्या खाते. पाहणाऱ्याला म्हणूनच फार यातना होतात. यावर औषध नाही.

१९७४ साली अमेरिकेत लिंडा कॉर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मेंदूचा संसर्गजन्य रोग आहे असे दाखविले. पुढे १९८० साली शेळ्यांच्या सुजलेल्या सांध्यांतून त्याचा विषाणू वेगळा करण्यात आला. मोठ्या शेळ्यांचे गुडघे सुजविणारा आणि करडांना लुळे करणारा शत्रू एकच निघाला! म्हणून या रोगाच्या इंग्रजी नावात संधिवात आणि मेंदूदाह असे दोन्ही शब्द आहेत.

या विषाणूचे एक भावंड त्याआधीच माहीत झाले होते. १९३३ साली आइसलंडमध्ये जर्मनीहून वीस काराकुल मेंढ्या आणल्या. त्या दिसावयास निरोगी होत्या. काही वर्षांनी तेथील मेंढ्या दम लागून, तर काही लुळ्या पडून मरू लागल्या. या लुळेपणाला तेथील लोक ‘विस्ना’, म्हणजे झिजणे, म्हणतात. ब्यॉर्न सिगुर्डसन या शास्त्रज्ञाने १९५४ साली लंडन येथील व्याख्यानांत अशा रोगांसाठी ‘मंद संसर्ग’ ही कल्पना मांडली. १९८३ साली सापडलेला एड्सचा विषाणूही याच मंद कुळातला. मात्र शेळीचा हा रोग माणसाला होत नाही, हे येथेच सांगून टाकतो.

आता मेंदूत काय घडते? आपल्या रक्तात जशा जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी असतात, तशा शेळीच्याही रक्तात असतात. हा विषाणू नेमका त्यांच्यातच घर करतो. पेशी कोवळी असते तोवर तो तिच्या आनुवंशिक द्रव्यात गुपचूप दडून राहतो. पेशी प्रौढ झाली की वाढू लागतो. पहारेकऱ्याच्याच अंगरख्यात लपून चोराने वाड्यात शिरावे, तसा तो मेंदूत आणि मज्जारज्जूत पोहोचतो. तेथे शरीर त्याच्यावर तुटून पडते, रक्तवाहिन्यांभोवती पेशींची गर्दी होते, सूज येते. विजेच्या तारेवर रबराचे आवरण असते तसे मज्जातंतूंवर स्निग्ध वेष्टन असते. या धुमश्चक्रीत ते नष्ट होते आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत पोहोचत नाही. विस्ना झालेल्या मेंढ्यांवर १९७६ साली केलेल्या प्रयोगांत त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबली, तेव्हा मेंदूची विकृती कमी झाली. म्हणजे पुष्कळसा नाश रक्षकांच्याच हातून होतो. लस करणे अवघड झाले तेही या कारणाने. प्रयोगात लस टोचलेल्या शेळ्यांचे सांधे उलट अधिकच बिघडले.

करडाला हा रोग मिळतो कोठून? मुख्यत्वे आईच्या चिकातून व दुधातून. भक्षक पेशी दुधातही असतात. त्यातून मोठ्या गोठ्यांत अनेक शेळ्यांचे दूध एकत्र करून सर्व करडांना पाजण्याची सोयीस्कर पद्धत पडली. एकच बाधित शेळी असली तरी तिचा प्रसाद सगळ्यांना मिळाला! बाधित शेळ्यांपैकी पुष्कळांना तर जन्मभर काहीच होत नाही. त्यामुळे संशयही येत नाही.

पण चीक पाजू नये असेही म्हणता येत नाही. करडाला रोगप्रतिकारक द्रव्ये चिकातूनच मिळतात. त्यावाचून ते साध्या हगवणीनेही दगावेल. मग चीक तापवावा का? तो फार तापविला की त्याचा खरवस होतो, हे आपल्या घरांतील प्रत्येक स्त्रीला ठाऊक आहे. यातून काढलेला मार्ग असा : चीक ५६ अंश सेल्सिअसवर एक तास ठेवावयाचा. एवढ्या उष्णतेने विषाणू मरतो, पण चीक थिजत नाही आणि त्यातील रक्षक द्रव्ये टिकतात. करडू जन्मताच, आईने चाटण्यापूर्वी, वेगळे करावयाचे. त्याला हा चीक आणि पुढे पाश्चरीकरण केलेले दूध द्यावयाचे. मोठ्या जनावरांचे रक्त वेळोवेळी तपासून बाधित वेगळी ठेवावयाची. करडांच्या तपासणीत मात्र सावधगिरी हवी, कारण आईच्या चिकातून आलेली द्रव्ये काही महिने रक्तात राहून फसवितात. तांब्याच्या कमतरतेनेही करडू असेच लुळे पडते. तेव्हा निदान पशुवैद्याकडूनच करून घ्यावे.

हा रोग मुख्यतः सानेन, अल्पाईन अशा दुधाळ विदेशी जातींच्या गोठ्यांत बोकाळला. आपल्या देशातही या जातींशी संकराचे प्रयोग झाले आहेत. उस्मानाबादी वा संगमनेरी शेळीच्या चार पैशांवर ज्या घराची मीठमिरची चालते, त्या घराला दोन करडे गमावणे परवडत नाही. आइसलंडने वीस देखण्या मेंढ्यांची किंमत हजारो जनावरे मारून चुकती केली. बाहेरचे जनावर दावणीला बांधण्यापूर्वी त्याचे रक्त तपासावे, एवढाच धडा आम्हांस यातून घ्यावासा वाटतो.