वापरलेल्या मोटारीचा तपासणी-इतिहास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भाईंदर पूर्वेतील केबिन रोडसारख्या दाट वस्तीत पहिली चारचाकी घेऊ पाहणाऱ्या अनेक कुटुंबांचा विचार जुन्या गाडीपासून सुरू होतो, आणि विक्रेत्याने पुढे केलेली आरसी, विम्याची पॉलिसी व पीयूसी अशी कागदपत्रांची फाइल पूर्ण दिसली की गाडीची वेळोवेळी तपासणी झालेली आहे, असे मानले जाते. हे मानणे ज्या गृहीतकावर उभे आहे ते भारतातील खासगी मोटारींना लागू पडत नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांनंतर प्रत्येक मोटारीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते आणि तिचा निकाल, त्या दिवशीच्या ओडोमीटरच्या नोंदीसह, गाडीच्या क्रमांकावरून कोणालाही पाहता येतो. जर्मनीत व जपानमध्ये पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढच्या दर दोन वर्षांनी होते. भारतात खासगी मोटारीसाठी पहिली पंधरा वर्षे अशी ठराविक मुदतीची यांत्रिक तपासणीच नाही. त्यामुळे ‘तपासणीचा इतिहास’ तयार स्वरूपात मिळत नाही, तो वेगवेगळ्या हेतूंनी केलेल्या नोंदी एकमेकींशी ताडून जुळवावा लागतो.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज आरसीवरील, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरील, एका तारखेविषयी आहे. वाहनाचा क्रमांक घालून शासकीय ‘एमपरिवहन’ अ‍ॅपवर माहिती पाहिली असता फिटनेसची मुदत अमुक तारखेपर्यंत असल्याचे दिसते आणि त्यावरून आरटीओने गाडी सुस्थितीत असल्याचे प्रमाणित केले आहे, असा अर्थ लावला जातो. वस्तुतः मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि ही तारीख गाडी नवी असतानाच ठरते. मधल्या काळात गाडीचे ब्रेक किंवा स्टिअरिंग कोणी अधिकारी पाहत नाही. गाडीवर एमएच ०४ हा ठाण्याचा क्रमांक असो वा २०२५ मध्ये मिरा-भाईंदरसाठी मंजूर झालेला एमएच ५८ हा नवा क्रमांक असो, त्यातून नोंदणी कोठे झाली एवढेच कळते. याच अ‍ॅपवर विम्याची व पीयूसीची मुदत आणि कर्जाचा बोजा यांची माहिती मिळते, तीही उपयुक्त आहे, पण अपघात किंवा दुरुस्ती यांचा तेथे उल्लेख नसतो.

पीयूसी हे नियमितपणे होणाऱ्या चाचणीचे प्रमाणपत्र असल्याने त्यावर अधिक विश्वास टाकला जातो. ही चाचणी केवळ धुराची असते : पेट्रोल गाडी जागेवर चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे प्रमाण मोजतात, तर डिझेल गाडीत धुराची घनता मोजतात. ज्या गाडीचा सांगाडा अपघातात वाकलेला आहे, तिलाही हे प्रमाणपत्र सहज मिळू शकते.

विम्याच्या बाबतीतला गैरसमज जास्त घातक ठरतो, कारण तो जाणकार समजल्या जाणाऱ्या खरेदीदारांतही आढळतो. पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस’ म्हणून ५० टक्के सूट नोंदलेली असली, की सलग पाच वर्षे गाडीला ओरखडाही उमटलेला नाही, असे गृहीत धरले जाते. हा बोनस म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन २५, ३५, ४५ अशा टप्प्यांनी ५० टक्क्यांपर्यंत वाढते. मात्र ही सवलत गाडीची नसून विमेदाराची असते. मालकाने जुनी गाडी विकताना ती राखून नव्या गाडीच्या पॉलिसीला जोडली असेल, तर कोऱ्या गाडीवरही पहिल्याच दिवशी ५० टक्के दिसू शकतात. आणि त्याच कारणाने गाडी विकत घेणाऱ्याला विक्रेत्याचा बोनस मिळत नाही. शिवाय सवलत टिकवण्यासाठी मालकाने किरकोळ किंवा मोठे नुकसानही पदरच्या पैशाने दुरुस्त केलेले असू शकते. म्हणून बोनसचा आकडा पाहून थांबण्यापेक्षा, गाडीवर आजवर झालेल्या दाव्यांचा तपशील विक्रेत्याने स्वतः विमा कंपनीकडून मागवून द्यावा, असा आग्रह धरणे योग्य ठरते. जो विक्रेता त्यास टाळाटाळ करतो त्याच्या गाडीसाठी घाई करण्याचे कारण नसते. दावा झाला असेल तर सर्वेक्षकाचा अहवाल, म्हणजे नुकसान पाहण्यासाठी कंपनीने नेमलेल्या तज्ज्ञाने कोणते भाग बदलायला सांगितले त्याची नोंद, हा खासगी गाडीच्या तपासणी-इतिहासातील सर्वांत बोलका कागद होय. पॉलिसी मध्येच खंडित झालेली असेल, तर नूतनीकरणापूर्वी कंपनी सहसा गाडी पाहून छायाचित्रे घेते, आणि तीही तारखेसह उपलब्ध असलेला पुरावा ठरतात.

पुराच्या पाण्यात सापडलेल्या गाड्यांबाबत ही चौकशी विशेष महत्त्वाची आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमित मूल्याच्या, म्हणजे घसारा वजा जाता पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांहून अधिक झाला की कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत गेली असे मानते. तशी गाडी भंगाराच्या भावात विकली जाऊन दुरुस्तीनंतर पुन्हा रस्त्यावर येऊ शकते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये आलेल्या पुरांत मोठ्या संख्येने वाहने बुडाली. त्या भागांतील नोंदणी हा दोष नव्हे, आणि तेथील प्रत्येक गाडीकडे संशयाने पाहणे तेथील माणसांवर अन्याय करणारे आहे. परंतु त्या महिन्यांतील दाव्याची आणि सर्व्हिसिंगची नोंद पाहणे आवश्यक आहे. खाडी, मिठागरे आणि उत्तनचा समुद्र यांनी वेढलेल्या मिरा-भाईंदरमध्ये खारी हवा आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी या दोन्हींचा परिणाम गाडीच्या तळाशी दिसतो. त्यामुळे येथील गाडी रॅम्पवर चढवून खालचा गंज पाहणे, गालिच्याखालील चिखलाचा थर, सीटच्या रुळांवरील गंज आणि पूर्ण ओढून काढलेल्या सीटबेल्टवरील पाण्याचा डाग तपासणे, ही कामे कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक सांगून जातात.

किलोमीटरचा आकडा कमी असणे म्हणजे गाडी कमी चाललेली असणे, हा समजही तपासून घ्यावा लागतो. डिजिटल ओडोमीटर मागे फिरवता येतो, आणि आकडा खरा आहे की नाही हे त्या एका आकड्यावरून कधीच ठरत नाही. अधिकृत सेवा केंद्रातील प्रत्येक जॉबकार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदपत्रावर, तारीख आणि त्या दिवशीचे वाचन लिहिलेले असते. ही वाचने क्रमाने मांडली असता दरवर्षीची वाढ साधारण सुसंगत दिसायला हवी. एखाद्या वर्षी आकडा घटला असेल, किंवा दोन वर्षांच्या नोंदीच गायब असतील, तर स्पष्टीकरण मागावे. टायरवरील शेवटचे चार अंक त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष दाखवतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. २०१९ च्या गाडीवर २०,००० किलोमीटरच दिसत असतील आणि चारही टायर नंतरच्या वर्षांत बदललेले असतील, तर त्याचे कारण विचारणे रास्त ठरते, जरी वय झाल्यामुळे टायर कडक होऊन बदलले जातात हेही खरे आहे.

याला लागूनच असलेला समज असा, की सर्व्हिसिंगच्या फाइलमध्ये जितकी दुरुस्ती कमी तितकी गाडी चांगली. क्लच, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे रबरी बुश आणि बॅटरी हे झिजणारे भाग आहेत, आणि आठ वर्षांच्या गाडीत त्यांपैकी एकही बदलल्याची नोंद नसेल तर तो खर्च पुढे नव्या मालकावर येण्याची शक्यता मोठी असते. ज्या फाइलमध्ये दोष वेळेवर सापडून वेळेवर दुरुस्त झाल्याचे दिसते ती फाइल कोऱ्या फाइलपेक्षा अधिक विश्वासार्ह मानली पाहिजे. काळजी करायची ती एकच तक्रार तीन-तीन भेटींत परत परत नोंदलेली असताना.

याउलट, ज्या गाडीला शासकीय पासिंगचा खरा इतिहास असतो ती पूर्वी टूरिस्ट टॅक्सी म्हणून चाललेली असण्याचा संभव असतो. व्यावसायिक वाहनांना योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते : पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व नंतर दरवर्षी. पिवळ्या पाटीची गाडी खासगी करून पांढऱ्या पाटीवर विकली जाते तेव्हा तिच्या नावावर जास्त तपासण्या दिसतात, पण तिने कापलेले किलोमीटरही खासगी गाडीच्या कित्येक पट असू शकतात.

विक्री मंचांकडून मिळणारे शेकडो मुद्द्यांच्या तपासणीचे अहवाल अप्रामाणिक असतात असे नाही, मात्र ते एका दिवसाचे वर्णन करतात. इंजिनाच्या संगणकातील दोषसंकेत तपासणीआधी पुसून टाकता येतात. ते अलीकडेच पुसले असतील तर स्कॅनरवर स्वयंचाचण्या अपूर्ण असल्याचे दिसते, म्हणून फक्त ‘दोष नाही’ हे पाहून समाधान न मानता त्या चाचण्या पूर्ण आहेत का, हेही मेकॅनिककडून पाहून घ्यावे.

पंधरा वर्षे झालेली गाडी कायद्यानेच भंगारात जाते, हा समज दिल्ली राजधानी क्षेत्रातील निर्बंधांवरून सर्वत्र पसरला. महाराष्ट्रात तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, आणि ही तपासणी खासगी मोटारीच्या आयुष्यातील नियमाने होणारी पहिली शासकीय यांत्रिक पाहणी असते. त्यामुळे सोळा वर्षांच्या गाडीकडे अलीकडचे नूतनीकरण असेल, तर नऊ वर्षांच्या गाडीकडे नसलेला एक पुरावा तिच्याकडे असतो. अशा वेळी विक्रेत्याकडून नव्या मुदतीच्या आरसीबरोबर नूतनीकरणाची तारीख आणि त्याआधीच्या महिन्यातील दुरुस्तीची बिले मागावीत, कारण पासिंगसाठी नेमके काय बदलावे लागले हे त्या बिलांतच लिहिलेले असते.