सगळं बंद पडलं तरी बोलणारी तार

८ जुलै २०२२. कॅनडात लोक झोपेतून उठले तर मोबाईल मुका. घरचं इंटरनेट गेलेलं. दुकानात डेबिट कार्ड चालेना आणि कित्येकांना ९११ हा तातडीचा क्रमांकसुद्धा लागेना. रॉजर्स कंपनीचं देशभरातलं जाळं पहाटेच कोसळलं होतं. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहकांना त्याचा फटका बसला. नेटवर्कच्या सुधारणेचं काम चालू असताना राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला. त्याबरोबर मार्गांच्या माहितीचा असा लोंढा मुख्य राउटरांवर येऊन आदळला, की ते गुदमरून पडले.

चूक एका फिल्टरची. मग तो परत बसवायला कितीसा वेळ लागावा? पण नेमकं काय बिघडलंय हे कळायलाच चौदा तास गेले! कारण राउटरांपर्यंत पोचायची इंजिनिअरांची वाट त्याच नेटवर्कमधून जात होती. राउटरांनी पडता पडता काय लिहून ठेवलंय, ते वाचायलाही मार्ग नव्हता. एवढंच काय, इंजिनिअरांचे स्वतःचे फोनही रॉजर्सचेच. एकमेकांशी बोलता यावं म्हणून दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्डं ठिकठिकाणी पोचवावी लागली. किल्ली घरात, आपण बाहेर आणि दाराला लॅच, अशी गत.

नेटवर्क दुरुस्त करायला जर नेटवर्कच लागत असेल, तर ते मेल्यावर आत शिरायचं कुठून?

याचं उत्तर जवळजवळ प्रत्येक राउटरच्या आणि स्विचच्या अंगावर असतं. इतर पोर्टांच्या गर्दीत एक पोर्ट जरा बाजूला असतो, त्यावर ‘कन्सोल’ लिहिलेलं असतं. सिस्कोच्या उपकरणांबरोबर यायची ती चपटी, फिकट निळी केबल त्यातच जाते. टोकाचा कनेक्टर इथरनेटसारखाच दिसतो, पण आतला कारभार पूर्ण वेगळा. इथे आयपी ॲड्रेस नाही, पॅकेट नाही, राउटिंग नाही, डीएनएस नाही. एका तारेवरून जायचं, दुसरीवरून यायचं आणि तिसरी ग्राउंड. बस्स, तीन तारा. बोलणं चालतं ते आरएस-२३२ नावाच्या मानकाने, आणि हे मानक पहिल्यांदा आलं १९६० साली!

त्या तारेत खरंच काय चालतं, ते एकदा अगदी जवळून पाहू. समजा आपण कीबोर्डवर इंग्रजी कॅपिटल ‘ए’ दाबला. संगणकाच्या लेखी त्याचा क्रमांक ६५, म्हणजे ०१०००००१. तार शांत असते तेव्हा तिच्यावर उणे व्होल्टेज असतं. उणे म्हणजे १ आणि अधिक म्हणजे ०, असा हा उलटा हिशोब. अक्षर निघालं की आधी तार उण्यावरून अधिकवर उडी मारते. हा स्टार्ट बिट: सावध, काहीतरी येतंय. मग अक्षराचे आठ बिट शेपटाकडून येतात: एक, मग ओळीने पाच शून्यं, पुन्हा एक, पुन्हा शून्य. शेवटी तार उण्यावर परतते, तो स्टॉप बिट. एका अक्षराला दहा बिट. सेकंदाला ९६०० बिटांचा वेग धरला तर प्रत्येक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंद टिकतो. सेकंदात ९६० अक्षरं जातात.

आता खरी गंमत. यातली एकही तार घड्याळाचे ठोके वाहून नेत नाही. बोलणाऱ्याचं घड्याळ वेगळं, ऐकणाऱ्याचं वेगळं, आणि दोघांची कधी गाठ पडलेली नाही. मग ती ओळीने आलेली पाच शून्यं पाचच होती, चार किंवा सहा नव्हती, हे ऐकणाऱ्याला कळतं कसं?

तो त्या पहिल्या उडीची वाट बघत बसलेला असतो. उडी दिसली की त्याच क्षणापासून मोजायला लागतो, बहुधा एका बिटाचे सोळा भाग करून. आठ भाग मोजले की तो स्टार्ट बिटाच्या बरोबर मध्यावर येतो. तिथून पुढे दर सोळा भागांनी एकदा तारेकडे बघायचं: उणे की अधिक? दर वेळी नजर बिटाच्या पोटात पडते, काठावर नाही. दोन घड्याळांत शेकडा दोन-तीनाचा फरक असला तरी दहा बिटांत तो इतका साचत नाही की नजर शेजारच्या बिटात जावी. आणि अक्षर संपलं की जुना हिशोब पुसायचा, पुढच्या उडीला नव्याने सुरुवात. चूक पुढच्या अक्षरात जातच नाही. मला हे इंजिनिअरिंगच्या सगळ्यांत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटतं. दोन घड्याळं जुळवत बसण्यापेक्षा, एका अक्षरापुरती ती जुळलेली असली तरी भागेल अशी रचना करायची!

ही युक्ती टेलिप्रिंटरांच्या काळातली. १९६३ साली आलेला टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं छापायचा, तोही याच स्टार्ट आणि स्टॉपच्या पद्धतीने. यंत्रं बदलली, वेग शेकडो पटींनी वाढला. अक्षर पाठवायची रीत मात्र तीच राहिली.

पण इतकी जुनी गोष्ट अजून ठेवायची कशाला? कारण ही तार जवळजवळ कशावरच अवलंबून नाही. उपकरणाला वीज मिळाली की आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला अजून मेमरी तपासायची असते, मूळ सॉफ्टवेअर शोधायचं असतं. नेटवर्क तर फारच लांब. पण सीरियल पोर्टवर अक्षर टाकायला त्याला दोन-चार ओळींचा कोड पुरतो. म्हणून उपकरणाचे पहिले शब्द इथेच उमटतात. आणि शेवटचेही! ऑपरेटिंग सिस्टिम कोसळते तेव्हा डिस्कवर लिहायची किंवा नेटवर्कवरून कळवायची ताकद तिच्यात उरली नसेल, तरी या पोर्टवर कोसळण्याचं कारण ओकून टाकणं बहुतेक वेळा जमतं.

अडचण एकच. ही केबल काही मीटरांची. डेटा सेंटर दुसऱ्या शहरात आणि आपण रात्रपाळीला पुण्यात, तर लॅपटॉप घेऊन कन्सोलपाशी उभं कोण राहणार?

इथे येतो कन्सोल सर्व्हर. रॅकमध्ये बसणारा एक आडवा डबा. त्याला एका अंगाला सोळा, बत्तीस किंवा अठ्ठेचाळीस सीरियल पोर्ट, दुसऱ्या अंगाला इथरनेट आणि आत बहुधा छोटंसं लिनक्स. प्रत्येक राउटरचा, स्विचचा, सर्व्हरचा कन्सोल त्याच्या एकेका पोर्टात खोचायचा. मग आपण कुठूनही एसएसएचने, म्हणजे दूरवरून सुरक्षित लॉगिन करून, डब्यात शिरायचं, सतरावा पोर्ट मागायचा, आणि सतराव्या तारेच्या टोकाचं यंत्र समोर! नव्वदच्या दशकात सिस्को २५११ नावाचा राउटर सोळा सीरियल लाइन्स घेऊन आला. पोर्ट २००१ ला टेलनेट केलं की पहिली लाइन, २०१६ ला केलं की सोळावी. नव्या डब्यांमध्ये टेलनेटच्या जागी एसएसएच आलं, बाकी कल्पना तीच.

हा डबा घरीही बनवता येतो. एखादा जुना पीसी, यूएसबीवरून सीरियल देणारे ॲडॉप्टर आणि ‘सेर-टू-नेट’सारखा फुकट मिळणारा प्रोग्राम. मात्र एक खाच लक्षात ठेवा. लिनक्स या ॲडॉप्टरांना सापडतील तसे क्रमांक देतं. पीसी रीबूट झाला की कालचा शून्य क्रमांक आज तीन झालेला असू शकतो, आणि मग तुम्ही भलत्याच राउटरला भलतीच आज्ञा देता. म्हणून ॲडॉप्टरला त्याच्या सीरियल नंबरवरून किंवा तो ज्या भोकात आहे त्यावरून कायमचं नाव द्यायचं. नाव शक्यतो उपकरणाचंच द्यावं.

वेग चुकला तर? समजा उपकरण ९६०० ने बोलतंय आणि तुम्ही ११५२०० ने ऐकताय. त्याचा एक बिट तुमच्या बारा बिटांएवढा लांब. त्याच्या एकट्या स्टार्ट बिटात तुमचं अख्खं अक्षर मावतं, तुम्ही स्टॉप बिटाची वाट बघता आणि तार अजून शून्यावरच! स्क्रीनवर कचरा उमटतो. पण तो कचराही कामाचा आहे. केबल धड आहे, पलीकडचं यंत्र जिवंत आहे, फक्त वेग बदलून बघा, असं तो सांगतो. काहीच उमटलं नाही तर संशय आधी केबलवर घ्यावा, कारण सारख्याच कनेक्टरमधल्या आठ पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते.

मला सगळ्यांत जास्त थक्क करते ती कन्सोल सर्व्हरची ऐकत राहायची सवय. ओहायो स्टेट विद्यापीठात टॉम फाइन यांनी ‘कॉन्सर्व्हर’ नावाचा प्रोग्राम लिहिला, तो आजही वापरात आहे. कोणी जोडलेलं असो वा नसो, तो प्रत्येक तारेवर येणारं प्रत्येक अक्षर फाइलीत टिपून ठेवतो. पहाटे तीनला सर्व्हर कोसळून आपोआप पुन्हा उठला, सकाळी सगळं ठीक दिसतंय, सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदींत काही नाही. पण कन्सोलच्या फाइलीत त्याचे शेवटचे शब्द जसेच्या तसे सापडतात. शिवाय एकाच कन्सोलवर अनेक जण एकदम बघू शकतात. लिहिणारा एक, बाकीचे वाचणारे. तिघं तीन शहरांत बसून एकाच राउटरची दुरुस्ती डोळ्यांसमोर बघतात.

या तारेवर असाही एक संकेत आहे, जो अक्षर नाही. तार एका अख्ख्या अक्षरापेक्षा जास्त वेळ शून्यावर धरून ठेवली, स्टॉप बिट आलाच नाही, की त्याला ‘ब्रेक’ म्हणतात. सिस्कोच्या राउटरला चालू होताना पहिल्या मिनिटात ब्रेक मिळाला, की तो नेहमीची वाट सोडून ‘मॉनिटर’ नावाच्या आपल्या मूळ प्रोग्राममध्ये थांबतो. तिथे कॉन्फिगरेशन रजिस्टरमध्ये २१४२ हा आकडा ठेवला की पुढच्या वेळी तो जपून ठेवलेलं कॉन्फिगरेशन बाजूला ठेवून उठतो, पासवर्डसकट! विसरलेल्या पासवर्डवरचा हा अधिकृत उपाय.

सन कंपनीचे सर्व्हर तर ब्रेक मिळताच जागच्या जागी थबकायचे, चालू काम सोडून. आणि काही कन्सोल सर्व्हर बंद-चालू करताना त्यांच्या तारांवर जी हालचाल व्हायची, ती सनला हुबेहूब ब्रेकसारखी दिसायची. म्हणजे सांभाळणारा डबा रीबूट केला, की सांभाळलेली सगळी यंत्रं एका दमात थांबलेली! म्हणून मग ब्रेक न सोडणारे डबे निघाले. सनच्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिममध्येही एंटर, टिल्ड, कंट्रोल-बी असा अपघाताने न घडणारा पर्यायी संकेत आला.

एक तार पासवर्ड ओलांडू शकते आणि यंत्र थांबवू शकते, म्हणजे कन्सोल सर्व्हरमध्ये घुसलेला माणूस जवळजवळ रॅकपाशी उभाच असतो. शिवाय कन्सोलवर कोणी लॉगिन करून तसंच सोडून गेलं, तर नंतर येणाऱ्याला ते उघडं सत्र आयतं मिळतं. म्हणून ठरावीक वेळाने सत्र आपोआप बंद व्हायला हवं, डब्यात शिरायला एसएसएचची किल्ली हवी आणि डबा सार्वजनिक इंटरनेटवर उघडा नको.

आणि त्याच्याकडे जायची वाट वेगळी हवी. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक जवळपास सहा तास गायब झालं, तेव्हा त्यांच्याकडे अशी पर्यायी वाट होती. पण तीही त्याच वेळी बंद पडली आणि इंजिनिअरांना डेटा सेंटरला पाठवावं लागलं. म्हणून कन्सोल सर्व्हरला दुसऱ्याच कंपनीचं ४जी सिम द्यावं. त्याची वीज वेगळ्या यूपीएसवरून यावी. पासवर्ड तपासणारा सर्व्हर मेलेल्या नेटवर्कच्या पलीकडे अडकू शकतो, म्हणून डब्यातच एक स्थानिक खातं असावं. पत्ता आकड्यांत लिहून ठेवावा, कारण त्या दिवशी डीएनएस असेलच असं नाही.

मग एखाद्या निवांत रविवारी सगळ्यांना सांगून मुख्य लिंकची केबल खरोखर उपटा. बाहेर जा, तिसऱ्याच कंपनीच्या मोबाईल डेटावरून एसएसएच करा, सतरावा पोर्ट मागा आणि एंटर दाबा. राउटरचं नाव स्क्रीनवर आलं तर वाट शाबूत आहे. नाही आलं, तर ती कुठे अडली हे शोधायला सगळा रविवार हाताशी आहे.