साथ येते तेव्हा जिल्हा कसा हलतो

कोल्हापूर शहर संपून कळंबा कुठे सुरू होतो, हे आता रस्त्यावरून जाताना कळत नाही. कागदावर मात्र हद्द ठळक आहे. अलीकडे महापालिका, पलीकडे करवीर तालुक्यातली ग्रामपंचायत. मध्यवर्ती कारागृह राज्याच्या तुरुंग विभागाचे. संस्थानकाळात शहराला पाणी देण्यासाठी बांधलेला तलावही इथेच. इथला एखादा माणूस गावात राहतो, कामाला शहरात जातो आणि जुलाब लागले की वाटेवरच्या खासगी दवाखान्यात गोळ्या घेतो. त्याची नोंद कोणी करायची? जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा समजून घ्यायची तर या प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.

ग्रामीण भागापुरते उत्तर ठरलेले आहे. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावांचे आरोग्य त्यांच्याकडे आले. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हाताखाली जिल्हा आरोग्य अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शेवटी उपकेंद्र. सपाट प्रदेशात साधारण ३०,००० लोकांमागे एक केंद्र आणि ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र हा निकष. शहराचे आरोग्य महापालिकेकडे, तर गंभीर रुग्ण जिथे जातात ते सीपीआर रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. एरवी प्रत्येकाची फाईल वेगळ्या वाटेने जाते.

संकट आले की या वाटा जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर एकत्र येतात. त्यामागे दोन कायदे आहेत. पहिला १८९७ चा साथरोग कायदा, मुंबईतल्या प्लेगच्या धास्तीत इंग्रजांनी घाईने केलेला. त्याच वर्षी पुण्यात घरे तपासताना झालेली जबरदस्ती आणि त्यानंतर झालेला रँडचा वध मराठी माणसाला सांगायला नको. दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी हे दोन्ही कायदे वापरले गेले. हद्दी बंद करणे, इमारती ताब्यात घेणे, खाटा राखून ठेवणे, सगळे एका सहीवर झाले. पण गावात बाहेरून कोण आले, कोणाला ताप आहे, हे त्या सहीला कळत नव्हते. ते कळत होते आशाताईंना आणि गावच्या दक्षता समितीला. दारोदार फिरून त्यांनी आणलेल्या नोंदींवरच वरचे आदेश उभे होते, आणि आशाताईंना त्या कामाचा मोबदला फारच तुटपुंजा मिळत होता.

माझ्या मते या यंत्रणेचा खरा कस साथीत लागत नाही, साथ नसताना लागतो. याची साक्ष पिण्याचे पाणी देते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, हजार लिटरला सुमारे ५ ग्रॅम. अर्धा तास गेला की नळाच्या पाण्याची ओटी चाचणी. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. तेही टाकीजवळच्या नळाला नव्हे, शेवटच्या घराच्या नळाला बघायचे, कारण क्लोरीन संपते ते तिथे. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली की तो उडून जातो. मग रोज पावडर पडूनही पाणी कच्चेच. म्हणून पावडरीचेही नमुने प्रयोगशाळेत जातात. पावसाळ्याआधी आणि नंतर प्रत्येक स्रोताची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. पाच वर्षे हिरवे राखले आणि साथ आली नाही तर चंदेरी.

हे नीट न झाल्याची किंमत जिल्ह्याने मोजली आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली. हजारो लोक आजारी पडले, कित्येक दगावले. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेली. शहराची उपसा केंद्रे बुडाली. चहूबाजूंनी पाणी आणि प्यायला टँकर. पूर ओसरल्यावरचे आठवडे अधिक जोखमीचे. लेप्टोस्पायरोसिसचा संशय, डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, गाळाने भरलेल्या विहिरींचा उपसा, फवारणी. कॅमेरे निघून गेलेले असतात तेव्हा आरोग्य सेवक चिखलातून घरे मोजत असतो.

कळंब्यासारख्या शहराच्या सीमेवरच्या गावांची काळजी मला अधिक वाटते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुइलेन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले ते सिंहगड रस्त्याच्या टोकाला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या महापालिकेत नव्याने आलेल्या भागात. संशय पाण्यावरच होता. ग्रामपंचायत गेलेली आणि शहराची शुद्धीकरण व्यवस्था पुरती पोहोचलेली नाही, अशा मधल्या काळात पाण्याचा धनी कोण हेच धूसर होते.

कोल्हापूरच्या हद्दवाढीचा वाद महापालिका झाल्यापासून, म्हणजे १९७२ पासून भिजत पडला आहे आणि प्रस्तावित गावांच्या यादीत कळंब्याचे नाव असतेच. गावांना घरपट्टी वाढण्याची भीती, शहराला जागा हवी. दोन्ही बाजूंची भाषणे मी ऐकली आहेत. हस्तांतराच्या दिवशी जलसुरक्षकाचे काम कोणाकडे जाणार, उपकेंद्राची नोंदवही कोण चालवणार, खासगी दवाखान्यांनी जुलाबाचे रुग्ण कोणाला कळवायचे, हे त्यांत आले नाही. त्यात भर म्हणजे मार्च २०२२ पासून पुढची काही वर्षे जिल्हा परिषदेत निवडून आलेले सदस्यच नव्हते. प्रशासकांचा कारभार कितीही चोख असो, आरोग्य समितीत उभे राहून ‘माझ्या गटातल्या अमक्या गावाला लाल कार्ड का?’ असे विचारणारे कोणी नव्हते.

हद्दवाढ होवो न होवो, महापालिका आणि जिल्हा परिषदेने सीमेवरच्या गावांची साप्ताहिक रुग्णनोंद आणि ओटी चाचणीचे निकाल एकमेकांना आजपासून द्यावेत. त्याला नवा कायदा लागत नाही. ग्रामसभेने तेवढाच ठराव करावा आणि महिन्याचे निकाल चावडीवर लावायला सांगावे.