चाच्यांचे जहाज खाडीत का शिरत नाही?

चाच्यांच्या साहसाचे एखादे चित्रांचे पुस्तक तुम्ही लहानपणी नक्की पाहिले असेल. त्यात एक चित्र हमखास असते. तीन डोलकाठ्यांचे प्रचंड जहाज, वर कवटीचे निशाण, आणि जहाज थेट किनाऱ्यावरच्या नारळीला टेकलेले! चाचे फळीवरून टणाटण वाळूत उड्या मारतात. डोळ्यावरच्या पट्टीबद्दल किंवा खांद्यावरच्या पोपटाबद्दल माझी तक्रार नाही. पण ते जहाज तेथे पोहोचले कसे, हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे.

याचे उत्तर शोधायला कॅरिबियन समुद्रावर जायला नको. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर पेण सोडले की कासू आणि मग नागोठणे लागते. नागोठण्याजवळून अंबा नदी वाहते व पुढे धरमतरच्या खाडीतून समुद्राला मिळते. १६७९ साली शिवाजी महाराजांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. मुंबईकर इंग्रजांना हे खपणारे नव्हते. त्यांनी बेटाभोवती जहाजांचा पहारा बसवला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराशी त्यांची लढाई झाली. इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांनी पकडली, पण कॅप्टन केग्विनच्या ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाच्या तोफांनी मराठ्यांच्या काही नौका बुडवल्या. मग मराठी नौका कोठे गेल्या? नागोठण्याच्या खाडीच्या मुखाकडे! आणि पुढे रात्री-अपरात्री पहारा चुकवून खांदेरीला रसद पोहोचतच राहिली. १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी तो नाद सोडला.

मोठ्या जहाजाला जे साधले नाही ते लहान नौकांना कसे साधले? आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही पाठ केलेले आहेच. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. पण तेवढे पाणी सारण्यासाठी ती किती खोल बुडेल, हे तिच्या तळाच्या क्षेत्रफळावर ठरते. घरी करून पाहा. १० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी तळाचा एक डबा घ्या आणि २० सेंटिमीटर बाजूचा दुसरा. वाळू घालून दोघांचेही एकूण वजन ५०० ग्रॅम करा. बादलीतल्या पाण्यात पहिला ५ सेंटिमीटर बुडेल, दुसरा केवळ सव्वा सेंटिमीटर.

आता हेच समुद्रावर न्या. गलबत म्हणजे वल्ह्यांनीही चालणारी हलकी नौका. ते २० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ७० टन वजनाची पेटी आहे असे समजा. समुद्राच्या एका घनमीटर पाण्याचे वजन सुमारे १.०२५ टन असते. गणित करा, पेटी ६८ सेंटिमीटर बुडते. ३०० टनांची, २५ मीटर लांब व ७ मीटर रुंद पेटी १.६७ मीटर बुडते. खरे जहाज पेटीसारखे नसते. खोल समुद्रावर फिरणाऱ्या जहाजाचा तळ निमुळता असतो, म्हणून ते याहून बरेच खोल जाते.

यात भरती-ओहोटीची भर घाला. मुंबईजवळ उधाणाला पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. समजा, खाडीच्या मुखाशी ओहोटीला १ मीटर आणि भरतीला ५ मीटर पाणी आहे. जहाजाला निर्धास्त जायला ४ मीटर पाणी लागत असेल, तर दर साडेबारा तासांतले सुमारे चार तासच त्याचे. दीड मीटरवर भागणाऱ्या नौकेला साडेनऊ तास मोकळे! शिवाय भांगाच्या दिवसांत भरतीच कमी चढते, तेव्हा जहाजाची वेळ आणखी आखडते. पाठलाग करणारा जहाजाचा कप्तान ओहोटीत रुतला, तर जहाज कलते आणि तोफा एका बाजूला आकाशाकडे, दुसऱ्या बाजूला चिखलाकडे बघू लागतात.

मग सगळ्यांनी उथळ नौकाच का बांधू नयेत? कारण निसर्ग फुकट काही देत नाही. खोल तळ पाण्याला अडतो, त्यामुळे आडव्या वाऱ्यात जहाज बाजूला वाहवत जात नाही. उथळ नौका वाहवते, आणि जड तोफांचा हादराही तिला पेलत नाही. म्हणून आंग्र्यांच्या आरमारात दोन्ही असत. वारा पडला की गलबते वल्ही मारून तोफांच्या गुराबांना ओढून नेत, आणि शत्रूला शक्यतो पिछाडीकडून गाठत, कारण तिकडे तोफा थोड्या.

इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्र्यांना चाचे म्हटले आहे. वास्तविक ते मराठी राज्याचे सरखेल. दस्तक न घेता जाणारी जहाजे ते पकडत. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेही हात हलवत परतले. आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाचे नाव ‘आंग्रे’ आहे.

शिक्षकांनी वर्गात एक प्रश्न जरूर घालावा. पावसाळ्यात नदीच्या पुराने खाडीचे पाणी जवळजवळ गोडे होते. समुद्रात एक मीटर बुडालेली आपली पेटी तेथे आली तर आणखी किती बुडेल? उत्तर अडीच सेंटिमीटर येते. ते कसे, हे मुलांनी काढावे.